घरटी एक माणूस

शनिवारी दुपारपासून कोपरीत जो तो ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याचा निकाल सांगत सुटला होता. खरा निकाल रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांत यायचा होता, पण तेवढा धीर कोणाला? सारी हयात मिठागरावर काढलेल्या धाकूनं ऑस्ट्रेलिया कोणत्या दिशेला आहे हे आधी त्र्यंबक मास्तरांना विचारून घेतलं, मग खाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि जाहीर करून टाकलं, "आपन हरनार. तीन गोलांनी."

"तुला कसा कलला रे?"

"गोरी मानसं ती. मटनाशिवाय जेवत नाय."

"आनि आपन बोंबील खाऊन चालत नाय काय?" उत्तम म्हणाला. उत्तम कोपरीच्या संघाचा गोलकीपर. त्याच्या मते भारत जिंकणार होता, तोही पाच गोलांनी.

आधीच्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यांच्या देशातच रणकंदन माजलं आहे, म्हणून आपण न खेळताच पुढे गेलो, हे मास्तरांनी सगळ्यांना समजावलं होतं. त्यामुळे धाकूसारख्यांना वाटत होतं, की आपल्या पोरांना अजून कोणी पाहिलेलंच नाही, आता उघडं पडतील.

दिवेलागणीला काळुरामच्या घराची ओटी माणसांनी भरली. गावात रेडिओ असा काळुरामकडेच. खाडीकाठची खारजमीन औषधांच्या कारखान्याला विकल्यावर त्यानं आणलेला. लक्ष्मीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता आणि तो काढायचा मान फक्त काळुरामचा होता. काळुरामची थोरली भावजय सगुणा पाण्याची कळशी घेऊन मधल्या दारात उभी होती. तिचा गोपीनाथ सगळ्यांत पुढे, रेडिओच्या अगदी नाकाशी बसला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण आत्ता पाच वर्षांच्या पोरासारखा मांडी हलवत होता.

जगभरच्या बातम्या संपता संपेनात. अखेर निवेदकानं मेलबर्नचं नाव घेतलं आणि ओटीवरचे सगळे पुढे झुकले. भारतानं ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन गोलांनी पराभव केला होता. त्यातले तीन गोल एकट्या मुंबईच्या खेळाडूचे!

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. गोपीनाथनं धाकूला उचलून गरगर फिरवलं. "सोड रं, हाडं मोरतील," म्हणत धाकूही हसत होता. उत्तमनं तेवढ्यात काळुरामला गाठलं.

"काका, तुमी काय बोलला होतात? फुटबॉल म्हंजे रिकाम्या लोकांचा धंदा! आता बोला. जगातल्या चार संघांत आपला हाय!"

सगळे हसले. आपल्याच ओटीवर, आपल्याच रेडिओपुढे आपल्याला हसतात हे काळुरामला खपलं नाही. तो खुर्चीतून उठला.

"ऐका. गोपीला बुधवारी दोन बोलावनी हायेत. परलच्या गिरनीवाल्यांनी आपल्या संघासाठी पारखायला बोलावलाय, आनि त्याच सकाळी कारखान्यानं कामावर. चार दिवस या घरान हाच तंटा चाललाय. आज मी तो मिटवतो. मंगलवारी आपले जिंकले, तर पोऱ्या परलला जाईल, मी आडवा येनार नाय. हरले, तर बुधवारी सकाली कारखान्याच्या फाटकावर. कबूल?"

"कबूल!" ओटी गर्जली. आणि त्या गर्जनेत गोपीनाथनंही काकाच्या हातावर हात मारला. "कबूल, काका!"

सगुणाच्या हातातली कळशी तशीच राहिली. पोर तिचं. विकलेल्या जमिनीत अर्धा वाटा तिच्या नवऱ्याचा. पण एकाही माणसानं मधल्या दाराकडे मान वळवली नाही.

"मास्तर, मंगलवारी समोर कोन?" उत्तमनं विचारलं.

त्र्यंबक मास्तरांचा चेहरा उतरला होता. स्टेशनाजवळच्या चाळीत राहणारे, शाळेत गणित शिकवणारे मास्तर गावच्या पोरांना फुटबॉलही शिकवत आणि इंग्रजी पेपरातला खेळाचा रकाना वाचून दाखवत. "युगोस्लाव्हिया," ते म्हणाले. "चार वर्षांमागं हेलसिंकीला ह्याच युगोस्लाव्हियानं आपल्याला दहा गोल घातले होते. तेव्हा आपली बरीच पोरं अनवाणी खेळली. आता बूट आहेत, पण..."

"दहा?" धाकूनं विचारलं. "आनि आपन किती घातले?"

"एक."

गोपीनाथचा हात अजून काकाच्या हातात होता. त्या दहा गोलांचं काळुरामलाही ठाऊक नव्हतं. क्षणभर तो पुतण्याकडे पाहत राहिला. पण पन्नास माणसांदेखत शब्द गेला होता, आणि काळुराम शब्द परत घेणाऱ्यांतला नव्हता.

*

काळुरामला पुतण्याचं वाईट करायचं नव्हतं, हे सगुणा कोणाहीपेक्षा जास्त जाणत होती. अकरा वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत मिठागराचा बांध फुटला आणि तो सांधायला गेलेला धर्मा, तिचा नवरा, परत आला नाही. तेव्हापासून गोपीच्या पाठीवर हात काळुरामचाच होता. "मीठ गेला, जमीन गेली, वयनी," तो म्हणायचा, "आता कारखान्याची नोकरी हीच आपली शेती. ती सोडून पोऱ्या चेंडूमागं धावला, तर धर्मादादाला मी काय सांगू?" ह्यावर ती नुसती मान डोलवायची. कारण पोरगा खेळतो म्हणजे नेमकं काय करतो, हे तिनं पाहिलेलंच नव्हतं.

म्हणून रविवारी ती मैदानावर गेली. विठ्ठलवाडीकडचा संघ आला होता. कडेला गवतात बसून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि बघू लागली. बरंच काही तिला कळलं नाही. एवढं कळलं, की गोपी डाव्या अंगाच्या रेषेला धरून असतो आणि चेंडू पायात आला, की वाऱ्यासारखा निघतो. एकदा त्यानं चेंडू नुसता थांबवला आणि अंगावर आलेला माणूस पुढे घसरत गेला. बायामाणसं हसली, तीही हसली. त्यानं मारलेल्या चेंडूवर कोपरीचा एक गोल झाला. मग विठ्ठलवाडीनं दोन केले. दुसऱ्या गोलानंतर कोपरीच्या पोरांनी माना टाकल्या. गोपीनं मात्र जाळीतला चेंडू काढला, काखेत मारला आणि धावत नेऊन मैदानाच्या मध्यावर ठेवला.

कोपरी हरली. शिट्टी गळ्यात अडकवून मास्तर घाम पुसत आले, तेव्हा सगुणा उठून उभी राहिली.

"मास्तर, मागाहून ती दोन पोरं माज्या गोपीच्याच मागं का लागली होती?"

"एकट्याला तो आवरत नाही म्हणून, सगुणाबाई."

तिनं पदराला लागलेलं गवत झटकलं. मग म्हणाली, "मंगलवारी आपन जिंकू?"

"तुम्हाला खरं सांगू का? नाही जिंकणार. दहा नाही खाणार, पण जिंकणार नाही. गोपीनं काल हात मारायला नको होता. मी काळुरामांशी बोलून पाहतो."

"तुमी नका बोलू. त्यांना वाटंल, मीच शिकवून पाठवला." तिनं कमरेच्या चंचीतून घडी केलेला कागद काढला. कारखान्याचं पत्र. जमीन दोघा भावांच्या नावावर होती, म्हणून पत्रावर काळुरामबरोबर तिचंही नाव होतं. "जरा वाचा."

मास्तरांनी चष्मा पुसला. "'...जमीन दिलेल्या कुटुंबांतून घरटी एका धडधाकट माणसास कामावर घेण्यात येईल. बुधवार, दिनांक पाच डिसेंबरपर्यंत नाव न नोंदविल्यास...'"

"थांबा. मानसास? पुरुषास नाय?"

"माणसास."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. सगुणानं कागद घेतला, होती तशीच घडी घातली. मास्तर शहाण्या माणसासारखे चष्मा खिशात घालून घराकडे वळले.

*

सोमवारी चुलीपुढे लक्ष्मी मोठ्या आनंदात होती. तिचा धाकटा भाऊ नाथा मानपाड्याला घरी बसून होता. गोपी परळला गेला, तर कारखान्यातली जागा नाथाला मिळेल, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. त्यामुळे आयुष्यात चेंडूला पाय न लावलेली लक्ष्मी सगळ्या कोपरीत भारताची सर्वांत कडवी पाठीराखी झाली होती.

"बाय, मी गावदेवीला नारल बोललंय," ती म्हणाली. "ते यूगो का कोन, त्यांचे पाय बांधून ठेव म्हनून सांगितलंय. गोपी खेलायला, नाथा कामाला. तुमचा पन भला, माजा पन भला."

"देवीला इतक्या लांबचा दिसंल?"

"न दिसायला काय झाला!"

सगुणा भाकरी थापत राहिली. पंधरा वर्षं दोघी जावा एका चुलीवर होत्या. धर्मा गेला, तेव्हा ह्याच लक्ष्मीनं महिनाभर तिला हातानं भरवलं होतं. आत्ताच सांगून टाकावं, असं तिच्या ओठावर आलं. पण लक्ष्मीला सांगितलं, की ते काळुरामच्या कानी जाणार, आणि काळुराम फाटकावर तिच्याआधी पोचणार. तिनं भाकरी उलटली आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला दिवसभर टोचलं.

मंगळवारी सकाळी आठला ती कारखान्याच्या फाटकावर होती. नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं पत्र पाहिलं आणि तिच्यामागे कोणी आहे का म्हणून वाकून बघितलं.

"मुलगा कुठंय?"

"मुलगा नाय. मी आले."

"बाई, पत्र देऊन जा. त्याला उद्या पाठवा."

"पत्रान काय लिवलंय ते वाचा. घरटी एक मानूस. मी मानूस नाय?"

कारकून हसला. ती हसली नाही, जागची हललीही नाही. मागं रांग वाढली, कुरकुर सुरू झाली, तेव्हा आतून एक साहेब आले. त्यांनी पत्र वाचलं, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाटल्या धुण्याच्या खात्यात बायका घेतोय आम्ही," ते म्हणाले. "पण आठ तास उभं राहावं लागतं. पाण्यात हात. सोड्याचं पाणी, हात सोलतात. जमेल?"

"वीस वर्सं मिठाच्या पान्यान उभी ऱ्हायले, सायेब. त्यानं पाय सोलले, आता हात."

साहेबांनी कारकुनाला मान हलवून खूण केली. सगुणानं वहीत अंगठा उठवला. शाई बोटाला तशीच ठेवून ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत हात पदराखाली झाकून वावरली.

*

मंगळवारी संध्याकाळी ओटीच काय, अंगणही पुरेना. धाकूनं ह्या वेळी उलटा डाव टाकला होता. "मी हरनार बोललो, तवा जिंकले. आता परत हरनार बोलतो, म्हंजे जिंकतील." उत्तमचा आकडा पाचावरून एकावर आला होता. मास्तरांना कोणी विचारलं नाही. गोपीनाथ आज मागे, खांबाला टेकून उभा होता.

काळुरामनं रुमाल काढला, खुंटी फिरवली.

युगोस्लाव्हियानं भारताला चार विरुद्ध एक असं हरवलं होतं.

 मग धाकू हळूच म्हणाला, "दहा नाय ना? चारच." त्याला पोरांची समजूत काढायची होती, पण ती कोणाची निघाली नाही. आत लक्ष्मीनं कपाळावर हात मारून घेतला.

काळुरामनं रेडिओ बंद केला. जिंकल्याचा काही भाव त्याच्या तोंडावर नव्हता. "गोपी," तो म्हणाला, "सकाली साडेसातला. मी येतो बरोबर."

"येतो, काका." गोपीनाथनं खांबाचा टेका सोडला. "कबूल केलता मी."

सगुणा मधलं दार ओलांडून ओटीवर आली. पुरुष भरलेल्या ओटीवर ती सासरी आल्यापासून कधी आली नव्हती. बसलेली माणसं आपसूक सरकली.

"भावजी, त्याला फाटकावर नेऊ नका. जागा भरली."

"भरली? कोनी भरली?"

तिनं पदराखालचा हात पुढे केला. अंगठ्यावरची शाई सगळ्यांना दिसली. "मी. आज सकाली आठला. घरटी एक मानूस लिवलाय, ती मी. बाटल्या धुवायच्या खात्यान."

"वयनी!" काळुराम ताडकन उठला. "लोक काय म्हनतील? काळुरामनं भावजयीला कारखान्यान जुंपली!"

"मी डोक्यावरून मीठ वाहत होते, तवा लोक काय बोलले नाय. आता काय बोलतील?"

"तुमचं वय काय, तुमी किती वर्सं करनार? पोराची जागा होती ती. जन्माची! उद्या गिरनीवाल्यांनी त्याला घेतला नाय तर?"

"नाय घेतला, तर दुसरीकडं हातपाय हलवंल. एकोनीस वर्सांचा हाय, लुला नाय. पन त्याला परलला जाऊन हरू द्या. इथं तुमच्या ओटीवर बसून नको."

गोपीनाथ पुढे झाला. "आये, मी शब्द दिलाय. सगल्यांसमोर."

"तू दिलास. मना कोनी विचारला होता? मी इथंच दारान उभी होते, कलशी घेऊन. एकानं तरी बघितला?" तिनं ओटीभर नजर फिरवली. उत्तमनं मान खाली घातली. "ती अकरा पोरं तिकडं खेलायला गेलीत. सगुणाच्या पोरानं काय करावा, ते ठरवायला नाय गेली. जिंकली असती, तर मना पन बरा वाटला असता. पन जिंकली असती, तरी उद्या मीच जानार होते. गोपी गेल्यावर या घरान कमावनारा हात नको? मी अंगठा दिला, तवा तिकडं खेल सुरू तरी झाला होता काय, विचारा मास्तरांना."

मास्तरांनी मनातल्या मनात तास मोजले. "नाही," ते म्हणाले. "सुरू झाला नसणार."

दारातून लक्ष्मीचा आवाज आला, रडवेला. "बाय, काल मी नारलाचं सांगत होते, तवा तुमच्या मनान हाच होता? नाथाचा तोंडचा घास काढलात, आनि माज्यासमोर भाकऱ्या थापत बसलात!"

सगुणा लक्ष्मीकडे वळली. "हो," ती म्हणाली. "सांगितला नाय तुला. चुकला माजा. पन जागा नाय सोडनार."

 सगळ्या ओटीचे डोळे काळुरामवर होते. शेवटी तो गोपीनाथला म्हणाला, "शब्द मी घेतला होता, मीच सोडतो. आयसमोर माजा काय चालायचा नाय." आणि वळून आत गेला. जेवायलाही उठला नाही.

*

बुधवारी सकाळी मास्तर पेपर घेऊन घाईघाईनं आले. गोपीनाथ पिशवीत बूट भरत होता.

"अरे, पहिला गोल आपला होता! मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता, आणि मग मुंबईच्याच त्या पोरानं पहिला गोल केला. युगोस्लाव्हियावर आघाडी, गोपी! त्यानंतर त्यांनी पंधरा मिनिटांत तीन घातले. चौथा तर आपल्याच माणसाच्या पायाला लागून गेला."

गोपीनाथनं पेपर हातात घेतला. इंग्रजी त्याला अडखळत येत होतं, तरी तो रकाना त्यानं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. "म्हंजे घाबरले नव्हते," तो म्हणाला.

"अजिबात नाही."

त्यानं पेपर मास्तरांना परत दिला, आईच्या पाया पडला आणि काकाच्या बंद दाराशी जरा थांबून निघून गेला. सगुणानं डोक्याला फडकं बांधलं आणि ती दुसऱ्या वाटेनं कारखान्याकडे निघाली.

ती परत आली तेव्हा दिवे लागत होते. हात मनगटापर्यंत लाल झाले होते आणि बोटं मिटत नव्हती. लक्ष्मीनं ताट वाढलं, पण शब्द काढला नाही. सगुणा दोन घास खाते तोच गोपीनाथ आला. गुडघा फुटलेला, सदऱ्याला माती.

"पन्नास पोरं होती, आये. सोला ठेवली."

"आनि तू?"

"सोलांत हाय. रविवारी परत बोलावलाय. तवा अकरा ठरतील." तो धापा टाकत हसला. "एकदा पडलो, पन चेंडू सोडला नाय."

काळुराम ओटीवर पाठ करून बसला होता. कालपासून तो कोणाशी बोलला नव्हता. आता मान न वळवता त्यानं विचारलं, "कनच्या जागेवर खेलवला?"

"लेफ्ट आउट, काका."

"म्हंजे कुठं?"

गोपीनाथ त्याच्यापुढे जमिनीवर बसला. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यानं मैदान काढलं, गोलाचे खांब काढले आणि डाव्या कडेनं एक लांब रेघ ओढली. काळुराम वाकून बघत राहिला. पाणी सुकलं, की गोपीनाथ पुन्हा बोट बुडवी. हा इथं का थांबतो, तो मागं का येतो, काळुराम एकेक विचारत गेला आणि पोरगा सांगत गेला.

सगुणा ताटावरून उठली, तेव्हा काळुरामनं वर बघितलं. तिचे हात त्याला दिसले. त्यानं नजर काढून पुन्हा त्या ओल्या रेघेकडे वळवली.

"वयनी, उद्या तुमची पाली किती वाजता?"

"सातला."

"मग तुमी निजा. सकालच्या भाकऱ्या लक्ष्मी करंल."

आतून परात जोरात आपटल्याचा आवाज आला. पण 'नाही' असं कोणी म्हटलं नाही.